तिकीट नाही, पण नियम आहे!

आमचं ठरलेलंच असतं. सुट्टी म्हणजे लोणावळा, नाहीतर पवना. पण एप्रिलमधल्या एका रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही तिघं देहूरोडहून निघालो ते लोणावळ्याकडे पाठ करून. तळेगाव-चाकण रस्ता धरला. मग राजगुरुनगर, मंचर, घोडेगाव आणि डिंभे धरणाच्या कडेकडेनं थेट आहुपे. चहा-मिसळीचे थांबे धरून चार तास लागले. आहुपे म्हणजे आपल्याच पुणे जिल्ह्यातलं, घोड नदीच्या खोऱ्याच्या टोकाचं गाव. वस्ती महादेव कोळी या आदिवासी समाजाची. गावाच्या पलीकडे सरळ तुटलेला कडा आणि खाली कोकण.

जायचं कारण होतं तिथली देवराई. देवाच्या नावानं राखलेलं जंगल म्हणजे देवराई, एवढं पाठ्यपुस्तकात वाचलं होतं. माझ्या डोक्यात मात्र चित्र होतं एखाद्या नेचर पार्कचं : गेट, तिकीटघर, पाट्या, सेल्फी पॉइंट.

त्याआधी वाटेतलं धरण. डिंभ्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे; ते याच आंबेगाव तालुक्यातले. गंमत अशी की ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते आंबेगावच या पाण्याखाली गेलंय. गंमत म्हटलं खरं, पण ज्यांची घरं-शेतं बुडाली त्यांच्यासाठी ती कसली गंमत? त्यातले अनेकजण महादेव कोळी. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या जमिनीवर ते शेती करतात. तिला गाळपेर म्हणतात. जलाशयात मासेमारीसाठी त्यांनी सहकारी संस्थाही उभी केली. या कामात त्यांच्यासोबत राहिलेल्या ‘शाश्वत’ संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. हे सगळं आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर घडलंय आणि मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

आहुप्यात पोचलो. गेट नाही, तिकीट नाही. भैरवनाथाचं देऊळ आणि त्याच्या भोवती राई. बाहेर चटके बसणारं ऊन आणि आत पाऊल टाकलं की एकदम गारवा. दोन माणसांच्या कवेत मावणार नाहीत असे बुंधे, झाडांवरून झाडांवर गेलेला गारंबीचा जाडजूड वेल. वर कुठेतरी खसखस झाली. शेकरू! आपल्या राज्याचा हा प्राणी मी आजवर फक्त स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नात पाहिला होता.

आमच्यातल्या एकानं सवयीनं ब्लूटूथ स्पीकर काढला. सोबत आलेला गावातला दादा शांतपणे म्हणाला, “राईत गाणी नको. आम्ही पण नाय वाजवत.” ओरडला नाही, दंड मागितला नाही. स्पीकर बॅगेत गेला. मग मी एक वाळकी काटकी उचलली, तर तीही खाली ठेवायला लावली. राईतलं लाकूड घरी न्यायचं नाही. वाळलेलंसुद्धा. ते देवाचं.

श्रद्धा म्हणा किंवा धाक म्हणा, पण या नियमानं झाडं राहिली. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकातच सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचं मोल जगासमोर मांडलं. भीमाशंकर अभयारण्य घोषित झालं १९८५ मध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून इथली माणसं जंगल राखत होती.

गावात एका घरापुढे बाळहिरडा वाळत घातला होता. हिरड्याचं कोवळं फळ वाळवून औषधासाठी विकतात. इथल्या घरांत रोख पैसा येतो तो बराचसा यातूनच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानं हिरड्याची झाडं पाडली आणि भरपाईसाठी इथल्या आदिवासींना काही वर्षं आंदोलनं करावी लागली. आजींना विचारलं, पुढे हे सगळं कोण बघणार? त्या हसल्या. “पोरं तुमच्याकडं चाकणला कंपनीत. सणाला येत्यात.”

हा प्रश्न डोक्यातून जात नाही. नियम सांगणारी माणसंच गावात उरली नाहीत, तर स्पीकर बंद करायला कोण सांगणार? २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला सामूहिक जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क दिलाय. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड गावानं २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर तो मिळवला आणि बांबू विकून गावातच रोजगार उभा केला. म्हणजे जंगल राखूनही पोट भरता येतं. पण त्यासाठी हक्क कागदावरून हातात यावा लागतो.

परतताना अंधार पडला. देहूरोड एका बाजूला पवना, दुसऱ्या बाजूला इंद्रायणी. देहूच्या डोहातले मासे धरायचे नाहीत, हा नियम आपल्याकडेही आहे. आपण तो पाळतोही. आणि त्याच इंद्रायणीवर आळंदीला फेस तरंगताना बातम्यांत बघतो. मासा धरायचा नाही, पण पाणी घाण झालं तर चालेल? घोड आणि इंद्रायणी, दोन्ही पुढे भीमेलाच मिळतात. वरून कोण काय सोडतं, एवढाच फरक.

जायचंय?
मार्ग : मंचर – घोडेगाव – डिंभे – आहुपे. एसटी आहे, पण फेऱ्या कमी. वेळ आधी विचारून घ्या.
हे करा : गावातल्या माणसाला सोबत घ्या आणि त्याचे पैसे न विसरता द्या. जेवण गावातच सांगा. कड्यावरून गोरखगड, मच्छिंद्रगड आणि सिद्धगड बघा.
हे नको : स्पीकर, प्लास्टिक आणि राईतली काटकीसुद्धा.