पूर ओसरल्यानंतरचे भय

गोदावरीचा पूर नाशिककर दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. २००८ व २०१६ मध्ये पाणी सराफ बाजारात शिरले. अशा वेळी घरे, दुकाने, जनावरे यांचा पंचनामा होतो. मनाच्या हानीला त्यात रकाना नसतो. पावसाची सर येताच थरकाप होणे, रात्री दचकून उठणे, नदीकाठ टाळणे ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकल्यास तो आघातोत्तर तणावाचा विकार असू शकतो. १९९३ च्या किल्लारी भूकंपातून वाचलेल्यांतही तो आढळला होता. अशा मुलास शिक्षकांनी ‘विसरून जा’ म्हणू नये, घडलेले बळेच वदवूनही घेऊ नये. शाळा लवकर सुरू होणे हाच मोठा आधार. लक्षणे न ओसरल्यास ग्रामपंचायत सदस्यांनी कुटुंबास जिल्हा रुग्णालयाची वाट दाखवावी. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो.