शाळेची भट्टी कोण पेटवणार?

मे महिन्यात जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पावाचा मैदा भिजवायला गार पाणी घ्यावे लागते. नाहीतर यीस्टला चेव येतो, गोळा वेळेआधी फुगून बसतो आणि पाव आंबूस लागतो. डिसेंबरात तोच गोळा फुगायला घटकाभर जास्त घेतो. किण्वनाची व्याख्या घोकलेल्या मुलाला हे ठाऊक नसते आणि बेकरीत राबणाऱ्या पोराला व्याख्या ठाऊक नसते. दोन्ही एकाच मुलाला का येऊ नये?

गणिताचेही तसेच. बेकरीत मैदा नेहमी १०० धरतात. त्यावर पाणी साधारण ५५ ते ६०, मीठ २. म्हणजे दहा किलो मैद्याला २०० ग्रॅम मीठ. ५० ग्रॅमचा गोळा भट्टीतून निघतो तेव्हा चार-पाच ग्रॅमने हलका झालेला असतो. ही घट न धरता भाव लावला तर तोटा ठरलेलाच. शेकडेवारी शिकवायला याहून चांगला फळा कोणता?

हे कुणाला सुचले नव्हते असे नाही. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरचे २५ टक्के विद्यार्थी १९९५पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळवायचे ठरवले होते. महाराष्ट्राने १९८८-८९पासून अकरावी-बारावीला किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम आणले. पण ‘मार्क कमी पडले, म्हणून तिकडे गेला’ हा शिक्का काही पुसला नाही. २०२०च्या धोरणाने सहावीपासून व्यवसायाची ओळख सांगितली आणि २०२५पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांचे लक्ष्य ठेवले. आकडे मोठे होत गेले, भट्ट्या मात्र थंडच.

खरे काम झाले ते पुणे जिल्ह्यातल्या पाबळला. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट घेतलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातले शास्त्रज्ञ. मोठी नोकरी सोडून त्यांनी १९८३मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी त्यांनी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय बांधला: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. खाद्यपदार्थ या शेवटच्या भागात येतात. मुलांनी केलेले काम गावाच्या उपयोगी पडावे आणि गावाने त्याचे पैसे मोजावेत, ही त्यातली मेख. वहीतल्या प्रात्यक्षिकाला गुण मिळतात. गिऱ्हाईक मात्र करपलेले बिस्कीट परत करते. मला विचाराल तर परीक्षक तोच खरा.

जालन्याला तर घरचाच माल आहे. ज्वारीत ग्लुटेन नसते. म्हणून भाकरीला गरम पाणी लागते, पीठ जुने होऊन विरी गेली की ती थापताना फाटते आणि नुसत्या ज्वारीचा पाव फुगत नाही. पण बिस्किटाला, नानकटाईला पावासारखे फुगावे लागत नाही. शेजारच्या परभणीच्या कृषी विद्यापीठात १९७६पासून अन्नतंत्रज्ञानाचे महाविद्यालय आहे. त्याच विद्यापीठाने ‘परभणी शक्ती’ हे लोह आणि जस्त जास्त असलेले ज्वारीचे वाण २०१८मध्ये प्रसारित केले. जालन्याजवळ खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे. शाळेने यांच्याकडे हात पसरायला काय हरकत आहे?

भाजण्याबरोबर वाढपाचे कामही शिकवायचे म्हटले, की मात्र घरोघरी नाक मुरडले जाते. ‘पोरगं शिकून हॉटेलात पाणी द्यायला जाणार का?’ पण हॉटेलांचे गिऱ्हाईक दारावरूनच जाते: समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातूनच जातो, वेरूळ-अजिंठ्याचे पर्यटक शेजारच्या जिल्ह्यात उतरतात. आणि शिजवलेले अन्न वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर गरम ठेवायचे, आधी आलेला माल आधी वापरायचा, कच्चे-शिजलेले वेगळे ठेवायचे, हे शिकलेला माणूस शोधावा लागतो. पाणी देणे हा त्यातला सगळ्यात छोटा भाग.

अडचणी खऱ्या आहेत. विजेच्या मोठ्या ओव्हनला थ्री-फेज जोडणी हवी. गॅसचा घेतला तर सुरक्षेची जबाबदारी मुख्याध्यापकांच्या डोक्यावर. विक्री करायची तर एफएसएसएआयची नोंदणी हवी. सगळ्यात मोठे दुखणे कच्च्या मालाचे: यंत्र एकदाच विकत घ्यायचे असते, मैदा, तूप, साखर दर आठवड्याला. योजना आखताना यंत्राचे उद्घाटन आठवते, तुपाचे बिल आठवत नाही. आणि शिकवण्याच्या नावाखाली मुलांना राबवून घेतले जाणार नाही, याकडेही डोळ्यांत तेल घालून पाहायला हवे.

दहावी झालेल्यांसाठी आयटीआयमध्ये ‘बेकर अँड कन्फेक्शनर’ आणि ‘फूड प्रॉडक्शन (जनरल)’ हे एकेक वर्षाचे व्यवसाय आहेत. निकालानंतर अर्ज भरताना फिटर-इलेक्ट्रिशियनवरच न थांबता यादी शेवटपर्यंत वाचा, जिल्ह्याबाहेरचीही. आणि शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, तर पुढच्या बैठकीत एवढेच विचारा: आपल्या शाळेत व्यवसाय विषय असेल, तर त्याच्या कच्च्या मालासाठी यंदा किती पैसे ठेवलेत?