जयगडचा खजिना आणि संशयाचा कारभार

दिल्लीत बदलीवर आलेल्या मराठी अधिकाऱ्याकडे गावाकडचे पाहुणे आले, की जयपूरची एक फेरी ठरलेली असते. आमेरच्या वर, डोंगरमाथ्यावर असलेल्या जयगड किल्ल्यात या पाहुण्यांना दोन गोष्टी हमखास ऐकवल्या जातात. पहिली, सवाई जयसिंहांच्या काळात ओतलेल्या ‘जयबाण’ या प्रचंड तोफेची. दुसरी, किल्ल्याच्या पोटात दडवलेल्या खजिन्याची. आमेरचा राजा मानसिंह याने अकबराच्या वतीने अफगाण मुलखात स्वाऱ्या केल्या, तिथली लूट इथे आणून पुरली आणि आणीबाणीत इंदिरा गांधींनी ती उकरून रातोरात दिल्लीला नेली, अशी ती कथा आहे. ट्रकांचा ताफा जाता यावा म्हणून दिल्ली-जयपूर महामार्ग सामान्य वाहतुकीसाठी बंद ठेवला होता, हा तपशील सांगायला कोणी विसरत नाही.

या घटनेला आता जवळपास अर्धे शतक होत आले. इंदिरा गांधी गेल्या, गायत्रीदेवीही २००९ मध्ये गेल्या. सरकारे आली आणि बदलली. कथा मात्र जशीच्या तशी आहे. किंबहुना समाजमाध्यमांच्या काळात तिला नवे पाय फुटले आहेत. राजकीय कारस्थानांच्या कथा इतक्या चिवट का असतात आणि शासनाने त्यांना कसे सामोरे जावे, या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी जयपूरइतके सोयीचे शहर क्वचितच सापडेल. कारण या दोन्ही अंगांचे धडे राजस्थानच्या मातीतच गिरवले गेले आहेत.

खऱ्याचा गाभा

कथेतला पहिला भाग खरा आहे, ही ध्यानात घेण्याजोगी बाब. जयपूर राजघराणे आणि काँग्रेस यांच्यातील वैर जुने होते. गायत्रीदेवी १९६२ मध्ये स्वतंत्र पक्षातर्फे जयपूरमधून विक्रमी मताधिक्याने लोकसभेवर निवडून आल्या होत्या. १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे रद्द झाले. १९७५ च्या प्रारंभी आयकर खात्याने राजघराण्याच्या मालमत्तांवर छापे घातले. त्याच वर्षी जूनमध्ये आणीबाणी आली आणि जुलैअखेर गायत्रीदेवी आणि त्यांचे सावत्र पुत्र भवानीसिंह यांना अटक होऊन तिहार तुरुंगात धाडण्यात आले. हे भवानीसिंह म्हणजे १९७१ च्या युद्धातील कामगिरीबद्दल महावीरचक्र मिळवलेले लष्करी अधिकारी. गायत्रीदेवी पाच महिन्यांहून अधिक काळ तिहारमध्ये होत्या.

त्यानंतर १९७६ मध्ये जयगडावर सरकारी शोधमोहीम खरोखरच झाली. लष्कराची मदत घेण्यात आली, खोदकाम झाले, महिनोन् महिने किल्ला सरकारी ताब्यात राहिला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पाकिस्तानचे पंतप्रधान झुल्फिकार अली भुत्तो यांनी इंदिरा गांधींना पत्र लिहून फाळणीपूर्व करारांच्या आधारे या खजिन्यात पाकिस्तानचा वाटा मागितला. डिसेंबरअखेरीस गेलेल्या उत्तरात पाकिस्तानचा कोणताही हक्क पोहोचत नसल्याचे आणि खजिना मुळात सापडलाच नसल्याचे कळवण्यात आले.

म्हणजे छापे खरे, अटक खरी, खोदकाम खरे, दोन पंतप्रधानांचा पत्रव्यवहारही खरा. फक्त शेवटची पायरी, ट्रकांत भरलेले सोने, तेवढी पुराव्यावाचून राहिली. मोहीम संपल्यावर लष्करी वाहने परतली असणार, यात नवल काही नाही. त्या वाहनांत काय होते, हे मात्र लोकांना कोणी दाखवले नाही. कारस्थानाची कथा निखळ खोट्यावर क्वचितच उभी राहते. ती चार खऱ्या पायऱ्या चढून पाचवीवर उडी घेते. ऐकणाऱ्याला पहिल्या चार पायऱ्या ओळखीच्या असतात, म्हणून पाचवीही तो फारसा न तपासता मान्य करतो.

नकार का चालत नाही

सरकारने ‘काही सापडले नाही’ असे सांगितले, मग लोकांनी विश्वास का ठेवला नाही? उत्तर त्या काळातच आहे. वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, विरोधक तुरुंगात होते. खुद्द आणीबाणीचा निर्णय मूठभर लोकांत ठरला, २५ जूनच्या रात्री राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली आणि केंद्रीय मंत्रिमंडळाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी कळला. मंत्र्यांनाच अंधारात ठेवून देशाचा कारभार बदलता येतो, हे ज्यांनी पाहिले, त्यांना एका किल्ल्यातील सोने गुपचूप हलवणे अशक्य वाटावे तरी कसे? कारस्थानावर विश्वास ठेवणारा माणूस नेहमीच भोळसट किंवा अडाणी असतो, ही सुशिक्षितांची समजूत म्हणूनच बाळबोध आहे. सत्ता कधी कधी खरोखरच बंद दाराआड कट करते. संशय हा पुष्कळदा अनुभवातून आलेला असतो.

दुसरे कारण असे की, अशी कथा अनेकांच्या उपयोगी पडते. राजघराण्याच्या चाहत्यांना त्यात लुबाडले गेल्याची व्यथा सापडते, काँग्रेसच्या विरोधकांना आरोपाचे हत्यार मिळते, वाटाड्याला पर्यटक खिळवून ठेवता येतो. ‘महिनोन् महिने खणले आणि हाती काही लागले नाही’ हा शेवट यांपैकी कोणालाच नको असतो. एवढ्या मोठ्या उद्योगाचे फलित शून्य, हे मनाला पटत नाही. मोठ्या घटनेमागे मोठेच कारण असले पाहिजे, अशी माणसाच्या मनाची धाटणी आहे.

तिसरे कारण सर्वांत घट्ट आहे. अशा कथेत पुराव्याचा अभाव हाच पुरावा ठरतो. कागद नाही, म्हणजे तो नष्ट केला. साक्षीदार बोलत नाही, म्हणजे तो घाबरला. या चक्रातून बाहेर पडायचे, तर ‘हे खरे असते, तर आणखी काय घडले असते?’ असा प्रश्न विचारावा लागतो. मार्च १९७७ मध्ये केंद्रात जनता पक्षाचे सरकार आले आणि त्याच वर्षी जयपुरात भैरोसिंह शेखावत मुख्यमंत्री झाले. आणीबाणीतील अतिरेकांच्या चौकशीसाठी शहा आयोग बसला. फायली, अधिकारी, लष्कर सारे काही इंदिराविरोधकांच्या हाती होते. खजिना लुटल्याचा एक जरी धड कागद मिळाला असता, तर तो चव्हाट्यावर मांडण्याची याहून मोठी संधी कोणाला मिळणार होती? तसे काही त्या सरकारने जाहीर केले नाही. कोणत्याही खंडनाहून हा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. तो सरकारच्या शब्दावर नव्हे, तर सरकारच्या शत्रूंच्या मौनावर उभा आहे.

महाराष्ट्राचा अनुभव

मराठी वाचकाला हा प्रकार परका नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे अधिकारी शहीद झाले. करकरे त्या वेळी मालेगाव स्फोटाचा तपास करीत होते. या योगायोगातून संशय जन्मला आणि पुढच्याच महिन्यात तत्कालीन केंद्रीय मंत्री अ. र. अंतुले यांनी तो संसदेत बोलून दाखवला. गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी सभागृहात घटनाक्रम मांडून त्याचे निराकरण केले. पुढे विशेष न्यायालयाने २०१० मध्ये कसाबला दोषी ठरवले आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तरीही २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत हाच वाद पुन्हा उकरून काढण्यात आला. न्यायालयात उलटतपासणीतून तावून निघालेला पुरावा एका बाजूला होता. दुसऱ्या बाजूला होती करकरे यांच्या बुलेटप्रूफ जॅकेटसारख्या साध्या वस्तूविषयी यंत्रणेने वेळेवर न दिलेली उत्तरे. कारभारातील गलथानपणा झाकण्याच्या धडपडीतून कारस्थानाची कथा पोसली जाते, ती अशी.

अलीकडचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीचे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर माळशिरस तालुक्यातील या गावाने यंत्राने दाखवलेल्या मतांवर शंका घेतली आणि ३ डिसेंबर रोजी स्वतःच मतपत्रिकांवर मतदान घेण्याचे ठरवले. अशा मतदानाला कायद्यात आधार नाही, ही प्रशासनाची भूमिका बरोबरच होती. पण जमावबंदी आणि पोलीस बंदोबस्त यांमुळे मतदान थांबले, शंका थांबली नाही. वास्तविक आयोगाकडे उत्तर होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील पाच केंद्रांवरच्या चिठ्ठ्या यंत्रातील मतांशी ताडून पाहिल्या जातात. महाराष्ट्रात अशा १,४४० यंत्रांची पडताळणी झाली आणि तफावत आढळली नाही, असे आयोगाने जाहीर केले. ही पडताळणी कशी होते, हे त्याच गावच्या चावडीवर समजावून सांगितले असते, तर सगळ्यांचे नसले तरी पुष्कळांचे समाधान झाले असते. त्याच महिन्यात केंद्राने निवडणूक नियमांत दुरुस्ती करून मतदान केंद्रांतील चित्रीकरणासारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी जनतेच्या पाहणीतून वगळल्या. मतदारांची गुप्तता आणि गैरवापराची भीती ही त्यामागची कारणे निराधार नव्हती. परंतु संशय शिगेला पोहोचलेला असताना दार लावून घेतले, तर त्याचा अर्थ लोक कसा लावतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

राजस्थाननेच दिलेले उत्तर

संशयाला सामोरे जाण्याची एक वेगळी रीत मात्र जयगडपासून काही तासांच्या अंतरावर आकाराला आली. भारतीय प्रशासकीय सेवा सोडून ग्रामीण कार्यात उतरलेल्या अरुणा रॉय आणि त्यांचे सहकारी निखिल डे, शंकर सिंह यांनी १९९० मध्ये देवडुंगरीत मजदूर किसान शक्ती संघटना उभारली. दुष्काळी कामांवरील मजुरांची तक्रार तीच, कोणत्याही गावात ऐकू येणारी: ‘वरचे सगळे खातात.’ हे वाक्य बोलायला सोपे आणि सिद्ध करायला अशक्य. संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनवाई घेतली. हजेरीपट, म्हणजे मस्टर रोल, भर सभेत मोठ्याने वाचला गेला. कोण किती दिवस कामावर होता, किती मजुरी दिली, कोणत्या बांधकामाला किती साहित्य लागले, हे सारे लोकांसमोर आले. मयत झालेल्या, गाव सोडून गेलेल्या माणसांची नावे ऐकून सभा चकित झाली.

इथे जे घडले, ते नीट पाहण्याजोगे आहे. ‘सगळे चोर आहेत’ या मोघम संशयाचे ‘या तारखेला, या कामावर, या नावाने, इतके रुपये कोणी उचलले?’ या प्रश्नात रूपांतर झाले. असा प्रश्न तपासता येतो. त्यात दोषी सापडतो आणि निर्दोष सुटतोही, कारण ज्याचा हिशेब जुळतो त्याच्यावरचा आरोप तिथेच गळून पडतो. पुढे अशा सुनावण्यांनंतर काही ठिकाणी सरपंचांनी पैसे परत केल्याची उदाहरणे घडली.

सरकारला ही रीत पचायला वेळ लागला. १९९६ मध्ये ब्यावर येथे चाळीस दिवसांचे आणि १९९७ मध्ये जयपुरात त्रेपन्न दिवसांचे धरणे धरावे लागले. जयपूरच्या धरण्याचा शेवट तर नमुनेदार होता. पंचायतीच्या कागदांच्या प्रती मिळण्याचा हक्क देणारी अधिसूचना सहा महिन्यांपूर्वीच निघाली असल्याचे उपमुख्यमंत्र्यांनी तेव्हा सांगितले. माहितीचा हक्क देणारा आदेशच लोकांना माहीत नव्हता! राजस्थानने २००० मध्ये माहिती अधिकाराचा कायदा केला, महाराष्ट्राने अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ मध्ये, आणि २००५ मध्ये देशाचा कायदा झाला.

अधिकाऱ्यांसाठी बोध

या साऱ्यातून प्रशासनात काम करणाऱ्यांना काही गोष्टी घेता येण्याजोग्या आहेत. आरोपात जे खरे असेल, ते आधी आणि स्वच्छपणे मान्य करावे. शोधमोहीम झाली, जॅकेट हरवले, हजेरीपटात चूक झाली, हे कबूल केल्याने उरलेल्या नकाराला किंमत येते. कागद वेळेवर द्यावा. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्याविषयीच्या शंभर फायली केंद्राने २०१६ च्या जानेवारीत खुल्या केल्या, पण सत्तर वर्षांत ज्या समजुती मुरल्या, त्या फायलींनी धुऊन निघाल्या नाहीत. शंका घेणाऱ्याची टिंगल करू नये आणि त्याला देशद्रोही तर मुळीच ठरवू नये. अपमान झालेला माणूस मत बदलत नाही, फक्त अधिक घट्ट धरतो. आणि शक्य तिथे पडताळणी आपल्या हातून काढून तिसऱ्याच्या, शक्यतो विरोधकाच्या, डोळ्यांसमोर करावी.

या उपायांनाही मर्यादा आहे. ज्याने कथेवर आपले राजकारण किंवा आपली ओळख उभारली आहे, तो कोणत्याही कागदाने वळणार नाही. द्वेष पसरवण्यासाठी जाणूनबुजून खोटे रचणाऱ्याला कायद्यानेच आवरावे लागेल. पण अशा दोघा-चौघांच्या भोवती जो मोठा समुदाय असतो, तो खरोखर साशंक असतो आणि उत्तराची वाट पाहत असतो. अधिकाऱ्याने बोलायचे असते ते त्याच्याशी. त्याला वेळेवर, पुराव्यासह आणि मान राखून उत्तर मिळाले नाही, तर तो पहिल्या दोघा-चौघांकडे सरकतो. न्यायालयाचा निकाल, निवडणुकीचा कौल आणि हुतात्म्याचे बलिदान यांच्याविषयीचा विश्वास असा एकेक माणसाने झिजतो. तो परत मिळवण्यासाठी चांगल्या नोंदी आणि उघडे दफ्तर हीच प्रशासनाच्या हातातील साधने आहेत, आणि ती संशय येण्यापूर्वीच तयार असावी लागतात.