आवाज डोळ्यांनी पाहण्याची किंमत

१९४७ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, बेंटन हार्बर या गावातून हीथ कंपनीने ऑसिलोस्कोपचा, म्हणजे विजेच्या सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा, किट विक्रीला काढला. किंमत ३९ डॉलर ५० सेंट. कंपनीचे मालक हॉवर्ड अँथनी यांनी दुसऱ्या महायुद्धातून उरलेला लष्करी इलेक्ट्रॉनिक माल घाऊक घेऊन ठेवला होता, त्यातूनच पाच इंची ट्यूबचं हे यंत्र बेतलं गेलं. सुटे भाग घरी न्यायचे आणि सोल्डरिंग करून स्वतःच जोडायचे. त्याच सुमारास पोर्टलंडच्या टेक्ट्रॉनिक्सने ‘५११’ आणला. तो ७९५ डॉलरचा, म्हणजे वीस पट महाग. यातला मोठा फरक होता ट्रिगरचा. टेक्ट्रॉनिक्सच्या पडद्यावर लहर एका ठरावीक बिंदूपासून सुरू व्हायची आणि जागच्या जागी उभी राहायची. हीथचं चित्र सरकत राहायचं, नॉब फिरवून त्याला धरून ठेवावं लागायचं.

अॅम्प्लिफायर बांधणाऱ्या हौशी माणसाला हीथचा किट बऱ्याच अंशी पुरायचा. साइन वेव्ह दिली, आवाज वाढवत नेला की लहरीचे माथे सपाट कधी होतात, म्हणजे क्लिपिंग कुठे सुरू होतं, ते दिसायचं. यंत्रांच्या किमती पुढे चढत गेल्या त्या मुख्यतः बँडविड्थपायी, म्हणजे यंत्र किती वेगवान लहर दाखवू शकतं यापायी, आणि ती भूक रडारची, टेलिव्हिजनची, संगणकाची होती. माणसाचा कान २० किलोहर्ट्झला थांबतो. ऑडिओवाल्याने ती शर्यत आपली मानण्याचं काहीच कारण नव्हतं, आजही नाही.

तरी २० किलोहर्ट्झचा आवाज पाहायला २० किलोहर्ट्झचं यंत्र पुरेल, असं मात्र नाही. अॅम्प्लिफायर बिघडतो तेव्हा तो बऱ्याचदा ऐकू न येणाऱ्या पट्टीत बिघडतो. फीडबॅक चुकला की काही शे किलोहर्ट्झपासून काही मेगाहर्ट्झपर्यंत तो आपोआप ऑसिलेट होतो. कानाला काही कळत नाही, फक्त हीटसिंक तापते आणि ट्रान्झिस्टर जातात. हे पकडायला २० मेगाहर्ट्झ भरपूर झाले. डीएसओ१३८ नावाचा स्वस्त किट शिकायला छान आहे, पण त्याची झेप २०० किलोहर्ट्झपर्यंतच, त्यामुळे नेमका हा रोग त्याला दिसत नाही.

२० मेगाहर्ट्झचा, दोन चॅनलचा सीआरओ, म्हणजे ट्यूबचा ऑसिलोस्कोप, सत्तर-ऐंशीच्या दशकांत सर्वत्र पोचला. जर्मनीच्या हामेगचा एचएम२०३ हा त्याचा नमुना. आपल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांत ठाण्याच्या अॅपलॅबचे आणि इंदूरच्या सायंटिफिकचे सीआरओ असायचे. ऑडिओसाठी इतकं नेमकं यंत्र त्यानंतर फार थोडं झालं, असं माझं ठाम मत आहे. एका चॅनलवर इनपुट, दुसऱ्यावर आउटपुट, फरक समोरासमोर. कॅसेट डेकचं हेड सरळ करायचं तर टेस्ट टेप लावून डावा चॅनल आडव्या अक्षाला आणि उजवा उभ्या अक्षाला द्यायचा. पडद्यावरची फुगीर लंबवर्तुळं मिटून तिरकी सरळ रेषा झाली की हेड जागेवर आलं. मीटरने हे काम इतक्या झटकन होत नाही.

१९७० मध्ये फिनलंडच्या मट्टी ओटाला यांनी ट्रान्झिएंट इंटरमॉड्युलेशन डिस्टॉर्शनवर, म्हणजे झटकन बदलणाऱ्या सिग्नलमध्ये होणाऱ्या बिघाडावर, लेख लिहिला, आणि अॅम्प्लिफायर किती वेगाने चढतो यावर पुढे दशकभर वाद झाले. आकडा मात्र साधा आहे. ८ ओहमवर ५० वॉट देणारा अॅम्प्लिफायर २० किलोहर्ट्झला पूर्ण ताकदीने चालला तरी त्याची लहर एका मायक्रोसेकंदात साधारण साडेतीन व्होल्टच चढते. त्या काळचा साधा सीआरओ हे सहज दाखवायचा.

मग डिजिटल यंत्रं आली. १९९७ च्या टेक्ट्रॉनिक्स टीडीएस२१० ने ती बरीच लहान केली. पुढे चीनच्या रायगोलने डीएस१०५२ई आणि नंतर चार चॅनलचा डीएस१०५४झेड आणून किंमत ४०० डॉलरच्या आसपास नेली. जगभरातल्या असंख्य हौशी लोकांचा पहिला ऑसिलोस्कोप यांपैकीच एक. त्या पिढीत एक उणीव होती, आणि जाहिरातींत तिचा उल्लेख क्वचितच असायचा. ही यंत्रं ८ बिटची, म्हणजे पडद्याच्या उंचीत फक्त २५६ पायऱ्या. एक टक्का डिस्टॉर्शन म्हणजे जेमतेम अडीच पायऱ्या, आणि ऑडिओत एक टक्का पुष्कळ असतो. तो मोजायला २४ बिटचं चांगलं साउंड कार्ड आणि संगणक हीच जोडी बरी. मात्र साउंड कार्ड डीसी दाखवत नाही आणि मेगाहर्ट्झही दाखवत नाही, म्हणून ऑसिलोस्कोपची जागा ते घेऊ शकत नाही.

२०२३ मध्ये रायगोलने डीएचओ८०० ही १२ बिटची मालिका स्वस्तात आणली. ४०९६ पायऱ्या, आणि एका चौकोनाला अर्धा मिलिव्होल्ट इतकी बारीक नजर. ऑडिओवाल्याला हवं ते अखेर खालच्या किमतीत मिळालं.

म्हणून आज पहिला ऑसिलोस्कोप घेताना मेगाहर्ट्झसाठी जादा पैसे मोजू नका, बिट आणि मिलिव्होल्ट पाहा. तेवढी ऐपत नसेल तर जुना, ट्यूब उजळ असलेला, दोन्ही चॅनलवर कॅलिब्रेटरची स्क्वेअर वेव्ह नीट दाखवणारा २० मेगाहर्ट्झचा सीआरओ बेधडक घ्या. थोडे पैसे स्पीकरऐवजी लावायच्या ८ ओहमच्या डमी लोडसाठी राखा. रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिजचे पाच मिलिव्होल्ट पाहताना प्रोब १० पटीवर ठेवू नका, सिग्नल एक दशांश होऊन गोंगाटात बुडतो. आणि कार स्टीरिओच्या स्पीकरच्या कुठल्याही तारेला अर्थ क्लिप लावू नका. तिथे बहुधा दोन्ही तारा जिवंत असतात, क्लिप लावताच शॉर्ट होऊ शकतो. दोन प्रोब लावून वजाबाकी करा. शॉर्ट टाळण्यासाठी ऑसिलोस्कोपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कुणी दिला, तर तो कधीही ऐकू नका.