सरकारी बांधकामाचा ठेका आणि मजुरीचे दर

बांधकाम खाते, जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेची लहानमोठी कामे घेणारे आमचे बरेच वाचक आहेत. निविदा भरताना सिमेंट, लोखंड, वाळू, खडी यांचे भाव ते बारकाईने काढतात. मजुरीचा आकडा मात्र मुकादमाला विचारून टाकून देतात. नुकसान होते ते येथेच.

अमेरिकेत १९३१ च्या डेव्हिस-बेकन कायद्याने केंद्र सरकारच्या २००० डॉलरवरील बांधकामांवर त्या भागात चालू असलेल्या दराने मजुरी देणे ठेकेदारावर बंधनकारक आहे. तेथे आठवड्याचे मजुरीपत्रक सही करून खात्याला द्यावे लागते. आपल्याकडे पाया आहे तो किमान वेतनाचा. पूर्वी १९४८ चा किमान वेतन कायदा आणि १९७० चा कंत्राटी कामगार कायदा पाहावा लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्यांची जागा वेतन संहिता २०१९ आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता २०२० यांनी घेतली आहे.

पहिली गोष्ट, दर कोणाचा? रेल्वे किंवा मोठ्या बंदराचे काम असेल तर केंद्राचा. राज्याच्या किंवा नगरपालिकेच्या कामाला राज्याचा. महाराष्ट्रात कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी वर्गवारी आहे, परिमंडळाप्रमाणे दर बदलतो आणि मूळ वेतनावर विशेष भत्ता मिळतो. हा भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. म्हणजे दीड वर्षाच्या कामात मजुरी दोन-तीनदा वाढू शकते. निविदा भरताना हे धरले नाही, तर वाढ आपल्याच खिशातून जाते.

‘आपल्याकडे दहाच माणसे, आपल्याला कसला कायदा?’ असे आम्ही पुष्कळदा ऐकतो. कंत्राटी कामगारांविषयीची तरतूद पन्नास माणसांपासून लागू होते, हे खरे. पण किमान वेतनाला अशी मर्यादा नाही. एक बिगारी असला तरी ते द्यावेच लागते. काम ब्रासवर किंवा चौरस फुटावर दिले तरी दिवसाची कमाई ठरलेल्या रोजापेक्षा कमी पडता कामा नये. जादा वेळेचा दर दुप्पट.

मुकादमाने मधल्यामध्ये कापले तर? याचे उत्तर १९८२ सालीच मिळाले आहे. दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांची बांधकामे चालू होती. मजुराचा रोज सव्वानऊ रुपये. त्यातला एक रुपया जमादार आपले कमिशन म्हणून ठेवी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे ही घटनेच्या २३ व्या कलमाने मना केलेली वेठबिगारीच, असा निर्णय न्या. भगवती यांनी दिला. ठेकेदाराकडे बोट दाखवून सरकारी यंत्रणांना सुटता येणार नाही, हेही तेव्हाच ठरले. आजही ठेकेदाराने मजुरी थकवली तर मूळ मालकाला ती द्यावी लागते, आणि तो ती ठेकेदाराकडून वसूल करतो. सरकारी कामात याचा अर्थ बिल अडकणे, नाहीतर अनामत रकमेवर टाच.

हिशेब करून पाहा. समजा, वीस बिगाऱ्यांना रोज साठ रुपये कमी दिले. शंभर दिवसांत १ लाख २० हजार वाचले. मजुरांना तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो. प्राधिकारी मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देववू शकतो. म्हणजे बारा लाखांपर्यंत! दंड वेगळा: पहिल्या वेळी पन्नास हजारांपर्यंत, पाच वर्षांत पुन्हा तेच केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि पैसे दिले हे सिद्ध करायचे ते मालकाने. म्हणून रोजची हजेरी, वेतनचिठ्ठी आणि शक्यतो बँकेतूनच मजुरी. मुकादमाच्या वहीवरचे अंगठे तेवढ्याने भागत नाहीत.

राहिला कल्याण उपकर. तो बांधकाम खर्चाच्या किमान एक टक्का असतो आणि सरकारी कामात बिलातूनच कापला जातो. त्याचा लाभ मिळण्यासाठी मजुराला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. पैसे तर आपल्या बिलातून गेलेलेच असतात. दाखल्यावर सही करायला वेगळा खर्च नाही. तरीही सहीसाठी मजुरांना महिनोन्‌महिने फिरवणारे ठेकेदार आम्ही पाहिले आहेत.