गालातला हीर

साडेतीन वर्षांची पोर अंगणात धावताना पडली ती थेट खराट्यावर. डोळ्याच्या खाली, गालावर, तांदळाच्या दाण्याएवढी जखम. रक्तही फारसे नव्हते. मी जखम धुतली, एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. धनुर्वाताची लस झाल्याची खात्री केली, एक टाका घातला आणि आईला म्हणालो, "काळजी करू नका, चार दिवसांत खेळायला लागेल."

तीन आठवड्यांनी गाल सुजला. अँटिबायोटिक दिले, सूज उतरली. औषध थांबले, पुन्हा सूज, पू. तेव्हा मी आईला स्वच्छतेबद्दल चार गोष्टी सुनावल्या. त्याची आजही लाज वाटते.

तिसऱ्या खेपेला आजी आल्या. मूळच्या कोकणातल्या, झावळीचे हीर सोलून खराटे बांधण्यात आयुष्य गेलेले. म्हणाल्या, "डॉक्टर, त्या दिवशी एक हीर मोडला होता. त्याचं टोक मला अंगणात कुठं सापडलं नाही."

टोचलेली वस्तू कुठे आहे, ती अख्खी आहे का, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते. एक्स-रेत धातू दिसतो, खडा दिसतो, काचही बहुधा दिसते. लाकूड, काटा, हीर, प्लॅस्टिक मात्र सहसा दिसत नाही. सी.टी. स्कॅनमध्येसुद्धा सुके लाकूड कधी कधी हवेच्या बुडबुड्यासारखे दिसून चकवते. त्यात चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे वरची जखम पटकन मिटते आणि आतले आतच राहते. एवढेसे मूल सांगणार तरी काय? ते फक्त रडते, हात लावू देत नाही. औषधाने दबणारी आणि औषध थांबताच परतणारी सूज दिसली, की आत काहीतरी आहे असेच धरून चालावे. (वस्तू रुतलेली दिसत असेल तर घरी ओढून काढू नये; मोडली असेल तर उरलेला तुकडा दवाखान्यात न्यावा.)

सोनोग्राफीत एक लखलखीत रेघ दिसली, मागे काळी सावली. भूल देऊन, चेहऱ्याच्या नसा जपत तुकडा काढला. २ सेंटिमीटरचा हीर!

आजींनी तो तळहातावर घेऊन निरखला. "आणखी काही राहिलं नाही ना आत?"

या वेळी मी लगेच उत्तर दिले नाही. सोनोग्राफी पुन्हा केली, मग सांगितले.