सावली ही मेहरबानी नव्हे

कालीसिंध नदीच्या काठी, इंदूर-भोपाळ हमरस्त्यावर, देवास जिल्ह्यात सोनकच्छ हे गाव आहे. माळव्याच्या त्या मुलखात वैशाखातील तप्त, कोरड्या वाऱ्यास 'लू' म्हणतात. या वाऱ्याची ओळख असलेला माणूस डोके व कान फडक्याने झाकल्यावाचून दुपारी उंबरठा ओलांडीत नाही. आम्हां किनाऱ्यावरील लोकांस मात्र वाटते, की उष्माघात हे घाटापलीकडचे संकट आहे. आम्हांस समुद्र राखील. हा समज घातक आहे.

घाम वाळतो तेव्हाच शरीर निवते. माळव्याच्या कोरड्या हवेत तो वाळतो. आमच्या दमट हवेत तो अंगावरच राहतो आणि उष्मा आत कोंडतो. म्हणूनच हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी प्रदेशात ४० अंशांपासून, तर किनारपट्टीवर ३७ अंशांपासूनच करते. मार्च २०२३ मध्ये गोव्यातील शाळा दोन दिवस दुपारी बाराच्या आत सोडाव्या लागल्या, हे आम्ही विसरलो काय?

त्याच्या पुढच्याच महिन्यात, १६ एप्रिल २०२३ रोजी, नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला. मान्यवरांच्या व्यासपीठावर छत होते. मैदानातील अफाट जनसमुदायाच्या माथ्यावर ते नव्हते. चौदा जीव गेले. ती माणसे भक्तिभावाने आली होती. त्यांच्या मरणास केवळ सूर्य जबाबदार होता, असे आम्हांस म्हणवत नाही.

आता लग्नसराई, जत्रा व सभांचे दिवस आहेत. दुपारी बारा ते तीन या वेळेत उघड्यावर मेळावे भरवू नयेत. भरवायचेच तर मंडप व पाणी यांची सोय आधी करावी आणि हारतुऱ्यांचा विचार मागाहून करावा. बांधकामावरील व शेतातील मजुरांस दुपारची विश्रांती मिळावी. घरोघरी मीठ घातलेली पेज, कोकम सरबत, पन्हे व ताक आहेच. तहान लागण्याची वाट न पाहता ती घेत राहावीत. वृद्ध व लहान मुले यांची विशेष चौकशी करावी.

उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला वा शुद्ध हरपून पडला, तर त्यास तत्काळ सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी घालून वारा घालावा, मान व काखांत ओले फडके ठेवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्धाच्या तोंडात पाणी मुळीच घालू नये.

ऋतू बदलणे आमच्या हाती नाही. कार्यक्रमाची वेळ बदलणे आहे. जे आयोजक स्वतःसाठी छत उभारतात, त्यांनी समोर बसणाऱ्या माणसाचे डोकेही तितकेच तापते, एवढे स्मरणात ठेवले तरी पुष्कळ झाले.